‘दो रास्ते’ आणि मी नेलेला कूलर

आधीच सांगून टाकतो, मी मधला. तीन भावांतला दुसरा. तेव्हा ‘दो रास्ते’बद्दल मी जे लिहिणार ते निःपक्षपाती असेल अशी आशा कोणी ठेवू नये. हा सिनेमा राजेश खन्नासाठी पाहणारे पुष्कळ आहेत, मुमताजसाठी पाहणारे त्याहून जास्त. मी तो गेल्या उन्हाळ्यात प्रेम चोप्रासाठी पाहिला. आणि कुठे, तर नागपुरात, महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी, थोरल्या वहिनींच्या शेजारी दिवाणावर बसून.

नवतपा सुरू होता. पारा पंचेचाळीसच्या वर, बडकस चौकात दुपारी कुत्रं दिसत नव्हतं. मी सकाळीच मनीषनगरहून निघून, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, एक खरबूज घेऊन पोचलो होतो. दादा गेल्यापासून रविवारी जातो तसा. जेवणं झाली, खिडकीतला कूलर घरघरत होता, आणि वहिनी म्हणाल्या, “काही जुनं लावा ना जी भाऊजी. हे रोजचं सासू-सुनांचं पाहून पाहून वीट आला.” पुतण्याने टीव्हीवर शोधाशोध करून लावून दिला तो नेमका या सगळ्या सासू-सुनांच्या मालिकांचा आजोबा शोभावा असा सिनेमा. सुरुवातीला चित्र पडद्यावर ताणून बसलं होतं, सगळ्यांची तोंडं खरबुजासारखी आडवी. ते त्याने नीट केलं. रंग मात्र जुने ते जुनेच, लाल जरा जास्त, बाकीचे फिकट.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. नवेंदू (बलराज साहनी) थोरला. त्याची आई तो लहान असतानाच गेली. घरात सावत्र आई (वीणा) आणि तिचे दोन मुलगे, बिरजू (प्रेम चोप्रा) आणि सत्येन (राजेश खन्ना). सावत्रपणाचा मात्र मागमूस नाही, उलट आईचा जीव थोरल्यावरच. नवेंदूची बायको माधवी म्हणजे कामिनी कौशल. बिरजूच्या शिक्षणासाठी नवेंदू घर गहाण टाकतो. बिरजू शिकतो, चांगल्या नोकरीला लागतो, श्रीमंताच्या नीलाशी (बिंदू) लग्न करतो आणि वेगळा होतो. मग कर्ज, घर जायची वेळ, धाकट्याचा संताप. शेवटी सगळे एकत्र येतात. हे सांगून टाकल्याने कोणाचा रसभंग होईल असं वाटत नाही. असल्या सिनेमाचं तिकीट लोक त्या एकत्र येण्यासाठीच काढायचे.

सिनेमा राज खोसलांचा, १९६९च्या डिसेंबरातला. त्याच वर्षीचा ‘आराधना’ आणि हा, या दोघांनी राजेश खन्नाला डोक्यावर नेऊन बसवलं. पण हे घर मुळात मराठी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवरून हा सिनेमा निघाला. काकोडकर म्हटलं की माझ्या वयाच्या लोकांना सर्क्युलेटिंग लायब्ररी आठवेल: खाकी कागदाचं कव्हर, पाठीवर शाईने घातलेला नंबर, कोपऱ्यांना हळदीचे डाग. आमची आत्या काकोडकर वाचायची ते भाजी निवडायच्या सुपाखाली पुस्तक ठेवून. कोणी आलं की वर मेथी. कारण काकोडकर म्हणजे चावट, असा बोभाटा होता. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘शामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला होता. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९च्या ऑगस्टमध्ये ते सुटले. चार महिन्यांनी त्यांच्याच गोष्टीवर हा सोवळा, देवघरातल्या समईसारखा सिनेमा आला, आणि कथेचं फिल्मफेअरही त्यांना मिळालं. आत्या तेव्हा असती तर सूप बाजूला ठेवून उघड वाचली असती. खोसलांना मराठीचा नादच होता म्हणा: ‘मेरा साया’ आपल्या ‘पाठलाग’वरून, आणि पुढे १९७८चा ‘मैं तुलसी तेरे आंगन की’ पुन्हा काकोडकरांच्याच ‘अशी तुझी प्रीत’वरून.

मराठी मूळ जाणवतं ते भांडणांच्या मापात. इथे खून नाही, तस्करी नाही, हरवलेला जुळा भाऊ नाही. भांडण कशावरून, तर कामाला कोणी हात लावायचा, कोण कोणाला काय म्हणालं, पगार कोणाच्या हातात द्यायचा. एवढ्यावर जवळजवळ पावणेतीन तास माणसं खुर्चीला खिळवून ठेवायची म्हणजे खायचं काम नाही.

आता माझी तक्रार. या सिनेमाने बिरजूला एकही धड प्रसंग दिलेला नाही. एकही. नवेंदूला त्याग दिला, सत्येनला बाणा दिला, मुमताज दिली, गाणी दिली. बिरजूला काय, तर सूट आणि सासरा. प्रेम चोप्रा दोन वर्षं आधी ‘उपकार’मध्येही हेच करत होता, शिकून आलेला आणि वाटणी मागणारा भाऊ. त्या काळचा हिंदी सिनेमा पाहून असं वाटावं की थोरला कमी शिकला की देवमाणूस होतो आणि पुढचा जास्त शिकला की नासतो. अरे, मग घर गहाण टाकून शिकवता कशाला? ज्याच्यासाठी कर्ज काढलं त्याच्या छातीवर त्या कर्जाचं ओझं कसं बसतं, घरातला प्रत्येक घास त्याला उपकारासारखा कसा लागायला लागतो, यावर एक प्रसंग, दोन मिनिटांचा, लिहायला काय हरकत होती? प्रेम चोप्राला तो झेपला असता. माणूस नट उत्तम आहे, बघताना कळतं. भावासमोर नजर न उचलता बोलायचं त्याला बरोबर जमतं.

मला एवढं खात्रीने कसं माहीत? दादा एम्प्रेस मिलमध्ये होता. १९७७ साली मला पुण्याला इंजिनिअरिंगला धाडताना वहिनींच्या दोन पाटल्या इतवारीत गहाण पडल्या. सुटून यायला चार वर्षं लागली. वहिनींनी हे मला कधीच सांगितलं नाही. आईने सांगितलं, आणि मग दर सणाला एकदा.

पुढे नागपुरातच नोकरी लागली, लग्न झालं आणि पाच वर्षं आम्ही या घरात माडीवरच्या एका खोलीत काढली. घरात नऊ माणसं, नळ एक, तोही पहाटे पाचला येणारा. सिनेमातल्यासारखं कोणी कधी ओरडलं नाही. माझ्या बायकोने आवाज चढवला नाही, वहिनींनी तर नाहीच. आमच्याकडे भांडण झालंच नाही, हीच पंचाईत. झालं असतं तर मिटलं असतं. आमच्याकडे फक्त एक दिवस माडीवर साखरेचा वेगळा डबा आला. पोरांच्या दुधासाठी, रात्री-बेरात्री खाली उतरायला नको म्हणून. मग चहापत्ती आली. मग एक छोटा स्टोव्ह. दादाने स्टोव्ह पाहिला आणि दुसऱ्या दिवशी घासलेटचा डबा भरून वर आणून ठेवला. बिंदूचे सगळे संवाद एका बाजूला आणि तो घासलेटचा डबा एका बाजूला. मी पटकथा लिहिली असती तर तो डबा घेतला असता.

१९९१च्या मे महिन्यात आम्ही खामल्याला भाड्याच्या दोन खोल्यांत गेलो. जाताना मी कूलर नेला.

नागपूरबाहेरच्या लोकांना यात काय विशेष ते कळणार नाही, म्हणून सांगतो. मे महिन्यात नागपुरात कूलर नेणं म्हणजे घरातली विहीर उचलून नेण्यासारखं आहे. तो मधल्या खोलीच्या खिडकीत होता, लोखंडी, वाळ्याच्या ताट्यांचा, आणि रात्री सगळं घर त्याच्यासमोर आडवं व्हायचं, आई सगळ्यात जवळ. माझ्या बोनसचा होता. बिल माझ्या नावाचं होतं. धाकटा पोरगा दीड वर्षाचा होता, घामोळ्यांनी लाल झालेला. ही सगळी कारणं मी तेव्हाही मनात म्हणून घेतली होती, आताही तीच म्हणतो आहे. हातठेल्यावर चढवायला दादाच पुढे झाला. त्याने आधी टाकीतलं पाणी उपसलं, पंप सोडवला, वायर गुंडाळून पंपावर कापड बांधलं आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, “हा वेगळा ने. ठेल्यावर हादरला की जळतो.”

तर. पडद्यावर बिरजू नि नीला घर सोडून निघाले. वीणाबाईंचा चेहरा, कामिनी कौशलचा पदर, मागे व्हायोलिनं. माझं लक्ष पडद्याकडे कमी आणि वहिनींच्या हातातल्या बशीकडे जास्त होतं. त्यांनी खरबुजाची फोड शांतपणे संपवली, बी बशीच्या काठाला लावली आणि पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, “ह्यानं कूलर नाही नेला, पाहा.”

पुतण्या असा हसला की पाणी नाकात गेलं त्याच्या.

मी म्हणालो, “वहिनी, तीस वर्षं उलटून गेली.”

“हो ना जी. मी कुठं काही म्हणून राहिले? सिनेमाचं म्हणून राहिले.”

रात्री घरी येऊन बायकोला हे सांगितलं. मला वाटलं हसेल. ती भाजी चिरत होती. म्हणाली, “कूलर न्यायचं मी नव्हतं म्हटलं तेव्हा.” खरंच नव्हतं म्हटलं.

आणि इथेच या सिनेमाची दुसरी लबाडी माझ्या ध्यानात आली. बिंदू झकास आहे, यात वाद नाही. ती भुवई उडवून बोलायला लागली की राग येतो आणि तरी ती जाऊ नये असं वाटतं. या सिनेमाने तिला नाव दिलं ते उगाच नाही. पण सगळं पाप तिच्या पदरात घातलेलं आहे. का, तर बिरजूला शेवटी परत घरात घ्यायचा आहे. बायकोने भरवलं म्हटलं की भाऊ धुतल्या तांदळासारखा मोकळा. वहिनींनी हे माझ्याआधी ओळखलं. नीला काहीतरी टाकून बोलली आणि बिरजू गप्प बसून राहिला, तेव्हा त्या म्हणाल्या, “ती एकटी काय करेल बाप्पा? नवरा काय मुका आहे काय हिचा?” मी खरबूज खाल्लं.

बलराज साहनींबद्दल मात्र हात जोडूनच लिहावं लागतं. असल्या गोष्टीत थोरल्याचं काम कोणीही रडून, छाती पिटून केलं असतं. हा माणूस आवाज खाली आणतो. दिग्दर्शक भोवती वादळ उठवतो, वाद्यं किंचाळतात, आणि मध्ये हे गृहस्थ दमून घरी आलेल्या कारकुनासारखे बोलतात. ‘दो बीघा ज़मीन’मधला रिक्षावाला आणि हा नवेंदू, दोघांच्या खांद्यांकडे पाहा. न बोलता ओझं दिसतं. दादाही असाच होता. त्याला कोणी त्यागमूर्ती म्हटलं असतं तर त्याने वळून मागे कोण उभं आहे ते पाहिलं असतं.

कामिनी कौशल एकेकाळच्या नायिका. १९४६च्या ज्या ‘नीचा नगर’ला कानच्या महोत्सवात बक्षीस मिळालं त्यातल्या. इथे त्यांना वहिनीचं काम, म्हणजे वाढायचं, झाकायचं, गिळायचं. त्या ते इतक्या सराईतपणे करतात की ही बाई स्टुडिओत आली आहे असं वाटत नाही. आमच्या वहिनींचा आक्षेप एकच: “इतकं राबून हिचा पदर जागचा हलत नाही जी. आमचा तर सकाळी एकदा कमरेला खोचला की रात्रीच सुटे.”

राजेश खन्ना आहे. मान हलवतो, डोळे मिटतो, छान दिसतो. सत्येनचा राग खरा वाटतो आणि धाकट्याला घरात जेवढी मुभा असते तेवढी तो पुरेपूर वापरतो. आमचा धाकटाही तसाच: त्याने मला १९९१ साली तोंडावर सुनावलं होतं आणि आता रायपूरहून वर्षातून एकदा येतो. जाऊ द्या.

विनोदी भाग मात्र कंटाळवाणा. कॉलेजातली टवाळी, ज्युनियर मेहमूदचा पोरकटपणा, हे पुढे सरकवा, काही बिघडत नाही. जयंत यांचा पठाण मजेदार आहे. हे अमजद खानचे वडील, आवाज ऐकला की नातं कळतं. आणि पार्श्वसंगीताला कोणीतरी आवरायला हवं होतं. आईने नुसतं वळून पाहिलं तरी वीज पडल्यासारखा दणका.

गाणी लक्ष्मीकांत-प्यारेलालची, शब्द आनंद बक्षींचे. मुकेशचं शीर्षकगीत सिनेमाचा सगळा मतलब आधीच सांगून मोकळं होतं, म्हणून मला ते फारसं आवडत नाही. रफीचं ‘ये रेशमी ज़ुल्फ़ें’ आहे, किशोरचं ‘मेरे नसीब में’ आहे. पण या सिनेमाचं गाणं एकच, लताबाईंचं ‘बिंदिया चमकेगी’. मुमताजचं काम तसं लहान, घरातल्या भांडणाशी तिचा संबंध बेताचाच. पण ठेका सुरू झाला की घर, कर्ज, गहाणखत सगळं बाजूला राहतं. आधी दारासिंगच्या सिनेमांत दिसणारी ही पोरगी इथून पुढे मोठी नायिका झाली, ती अशी.

या गाण्याचा एक जुना हिशेब आमच्या घरात बाकी होता.

‘दो रास्ते’ नागपुरात लागला तेव्हा दादा-वहिनींच्या लग्नाला पुरतं वर्ष झालं नव्हतं. दोघांनी मिळून पाहिलेला तो पहिला सिनेमा. दोघांनी म्हणजे तिघांनी, कारण नव्या जोडप्याला एकटं टॉकीजमध्ये पाठवायचं आईला पटेना, म्हणून मधल्याला सोबत दिलं. मी अकरा वर्षांचा. महालातून बर्डीपर्यंत चालत गेलो, दादा चार पावलं पुढे, वहिनी मागे आणि मध्ये मी. टॉकीजबाहेर दादाने भजी घेतली, वहिनी लाजून खाईनात, म्हणून त्यांच्या वाटची मी खाल्ली. व्हायचं तेच झालं. सिनेमा रंगात आला आणि माझ्या पोटात कळ आली. दादा पडद्यात गुंग. मी वहिनींचा हात ओढला. त्या उठल्या. लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत, शिव्या खात आम्ही बाहेर गेलो, आणि मी आत असताना त्या अंधाऱ्या बोळात पदर सावरून उभ्या राहिल्या. आतून ठेका ऐकू येत होता. लोक नाणी फेकत होते, त्यांचा आवाजही. आम्ही परत आलो तेव्हा गाणं संपलं होतं. वहिनींनी तेव्हा मला एवढंच विचारलं, “बरं वाटतं का भाऊजी आता?” वीस वर्षांची मुलगी अकरा वर्षांच्या पोराला ‘भाऊजी’ आणि ‘तुम्ही’ म्हणायची.

पुढे छायागीतात त्यांनी ते गाणं पाहिलं, केबल आल्यावर कितीतरी वेळा पाहिलं. पण सिनेमात, त्याच्या जागेवर, कधी नाही. हे मला गेल्या उन्हाळ्यातच कळलं. गाणं आलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसून घातला, बशी खाली ठेवली आणि सबंध गाणं मांडीवर बोटांनी ठेका धरून पाहिलं. मध्ये पुतण्याच्या फोनची बेल वाजली तर त्याच्याकडे अशी नजर टाकली की वीणाबाईंनी शिकावं.

सिनेमा संपला, भाऊ एकत्र आले, मी डोळे पुसले (हो, पुसले). पाचपैकी किती द्यायचे म्हणून वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, “त्या थोरल्याला आणि त्याच्या बायकोला द्या काय द्यायचे ते. बाकीच्यांना माझ्याकडून आधीच पुष्कळ देऊन झालं.” माझ्याकडून साडेतीन. अर्धा गुण बिरजूच्या नावाने कापला, एक दणक्यांसाठी.

मग त्यांनी पुतण्याला ते गाणं पुन्हा लावायला सांगितलं. तो मागे घेत होता, पडद्यावर माणसं उलटी चालत घरात शिरत होती, आणि वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊजी, जायचं असेल तर आत्ताच जाऊन या.”